बिलावरून भांडायचं, पण कागद हातात घेऊन

सासूबाईंच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर बिलात हातमोज्यांचे चाळीस जोड दिसले. तीन दिवसांत! माझे दीर काउंटरवर ओरडले, त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

म्हणून सांगते, आधी कागद गोळा करा. केसपेपर, तपासण्यांचे रिपोर्ट, तपशीलवार बिल, सगळ्यासाठी लेखी अर्ज द्या. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार नोंदी ७२ तासांत द्यायला हव्यात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोचशिक्का घ्या. शिक्का मारायला नकार दिला तर सरळ रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. मी तेच केलं, आणि चौथ्या दिवशी फोन आला.

रुग्णालयाकडे द्यायची तक्रार एका पानात लिहा. काय घडलं, कधी घडलं आणि तुम्हाला काय हवंय: पैसे परत, खुलासा की माफी? मी पहिल्यांदा चार पानं रडगाणं लिहिलं होतं. ते कुणी वाचलं असेल असं वाटत नाही.

तिथे दाद लागली नाही तर महापालिका हद्दीत तिच्या आरोग्य विभागाकडे जा. राज्याच्या २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं असतं. नसेल, तर फोटो काढून जोडा.

डॉक्टरांच्या हलगर्जीपणाची तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे तक्रार करायची मुदत दोन वर्षांची.

आमचे हातमोज्यांचे पैसे परत आले. दीर अजून म्हणतात, त्यांच्या ओरडण्यामुळेच.