कापसाची बंडी ओलांडताना

पांढरकवड्याकडे दिवाळीनंतर कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, जिनिंगकडे (सरकी वेगळी करायच्या कारखान्याकडे) निघतात. मी मोटरसायकलही चालवतो अन् बंडीही हाकतो, म्हणून सांगतो.

बंडी दिसली की आधी वेग कमी करा. ताशी 60 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. ब्रेक लागेपर्यंतच तेवढं अंतर संपतं. अगदी मागं येऊन कर्कश हॉर्न वाजवू नका, बैल बुजतात. माझी जोडी अशीच बुजून नालीत उतरली, डाव्या बैलाचा पाय मोडला. अजून डोळ्यांसमोर आहे ते. लांबूनच एक हलका हॉर्न द्या, धुरकऱ्यानं (बंडी हाकणाऱ्यानं) मान वळवली की उजवीकडून दोन हात जागा सोडून निघा. रात्री समोरून बंडी आली तर डिपर द्या, म्हणजे हेडलाइटचा झोत खाली करा.

अन् मोटरसायकलवाले पोट्टे बेफाम असतात म्हणतात, पण सगळेच तसे नसतात. त्या दिवशी जू सोडवायला थांबले ते दोघं बुलेटवालेच होते.