टेकडीवर घर बघताना निलगिरीही बघा आणि बाहेर पडायचा रस्ताही

कॅलिफोर्नियातल्या ओकलंड, बर्कली किंवा ओरिंडाच्या टेकड्यांवर भाड्याचं घर बघायला जाल, तेव्हा निलगिरीचा ओळखीचा वास येईल आणि बरं वाटेल. पण ही ब्लू गम जातीची निलगिरी इथली नाही. सोन्यासाठी लोक कॅलिफोर्नियात लोटले, त्या १८५० च्या दशकात ती ऑस्ट्रेलियातून आली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रँक हेव्हन्स यांनी लाकडाच्या धंद्यासाठी या टेकड्यांवर तिची रानंच्या रानं लावली. कोवळं लाकूड वाळताना पिळायचं, तडकायचं. धंदा बुडाला, झाडं राहिली. पानांत तेल आणि खोडावर सोलून लोंबणाऱ्या सालीच्या लांब पट्ट्या. आग लागली की त्या पेटत्या पट्ट्या वाऱ्यावर उडून दूर कुठल्या तरी छपरावर पडतात.

२० ऑक्टोबर १९९१ ला याच टेकड्यांवर, आदल्या दिवशी आटोक्यात आली असं वाटलेली गवताची आग डायब्लो वाऱ्याने, म्हणजे इथल्या कोरड्या, गरम, जोरदार वाऱ्याने, पुन्हा भडकली. २५ माणसं गेली, सुमारे तीन हजार घरं जळाली. डिसेंबर १९९० च्या कडाक्याच्या थंडीत निलगिरी करपून खाली वाळका पाचोळा साठला होता. तरी सगळा दोष तिच्या माथी मारणं मला पटत नाही. वर्षानुवर्षांचा दुष्काळ होता, लाकडी फळ्यांची छपरं होती, मॉन्टेरी पाइनची झाडं होती, आणि दोन गाड्या जेमतेम जातील असे वळणांचे रस्ते होते. गेलेल्यांपैकी अनेकजण त्या रस्त्यांवरच अडकले.

म्हणून घर बघताना पहिला प्रश्न रस्त्याचा. खाली उतरायला दोन वाटा आहेत का? त्या दोन्ही स्वतः गाडी चालवून बघा. मग घराभोवती फिरा. भिंतीपासून पहिल्या पाच फुटांत लाकडी भुसा, ज्युनिपरची झुडपं, वाळकी पानं नकोत. पन्हाळीतला कचरा वर चढून कोणी काढतं का, तेही विचारा. झाडं घरमालकाची असतात, तेव्हा तोंडी न बोलता ईमेल करा. ओकलंडमध्ये अग्निशमन विभाग टेकडीवरच्या मालमत्तांची दरवर्षी तपासणी करतो, त्याचा उल्लेख केलात की मालक जरा लवकर हलतो.

आता बाहेर पडण्याबद्दल. तुमच्या पत्त्याचा इव्हॅक्युएशन झोन (घरं रिकामी करण्यासाठी आखलेला विभाग) आजच शोधा आणि फ्रिजवर लिहून ठेवा, कारण बातम्यांत गल्लीचं नाव येत नाही, झोन येतो. ‘वॉर्निंग’ आली म्हणजे तयारी करा आणि ज्यांना वेळ लागतो त्यांनी निघा. ‘ऑर्डर’ म्हणजे ताबडतोब निघा. माझं आग्रहाचं सांगणं आहे की वॉर्निंगलाच निघा. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडीनाच्या पश्चिम भागात ऑर्डर यायला कित्येक तास उशीर झाला, आणि ईटन आगीतले बहुतेक मृत्यू त्याच भागात झाले. ‘रेड फ्लॅग वॉर्निंग’ (आग भडकेल अशा कोरड्या, वाऱ्याच्या हवेचा इशारा) असलेल्या रात्री गाडीचं तोंड रस्त्याकडे करून लावा. वीज गेल्यावर गॅरेजचं दार हाताने कसं उघडायचं ते घरातल्या प्रत्येकाला यायला हवं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती आई-बाबांची. सहा महिन्यांसाठी आलेले, दिवसभर घरी एकटे, गाडी चालवता येत नाही, फोन भारतातल्या नंबरचा. त्यांना इथलं सिम घेऊन द्या आणि तो नंबर काउंटीच्या इशाऱ्यांसाठी नोंदवा; अलमिडा काउंटीत त्या सेवेला ‘एसी अलर्ट’ म्हणतात. पोलिसांच्या गाड्या इव्हॅक्युएशनसाठी एक वेगळा, खालीवर होणारा दोन सुरांचा सायरन वाजवतात. त्याचं रेकॉर्डिंग त्यांना ऐकवा. शेजाऱ्यांशी त्यांची ओळख करून द्या आणि ‘तुम्ही निघाल तेव्हा यांनाही घेऊन निघा’ असं स्पष्ट विचारून ठेवा. संकोच करू नका, इथे लोक मनापासून हो म्हणतात. औषधं, पासपोर्ट, आय-७९७ चे (व्हिसाच्या मंजुरीचे) कागद एका पिशवीत दाराशी ठेवा.

आणि चोरी. आपली माणसं घर सोडायला कचरतात ती बहुतेक वेळा दागिन्यांमुळे. भीती खोटी नाही. २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला रिकाम्या घरांत चोऱ्या झाल्या, धरपकड झाली, रात्रीची संचारबंदी लागली, नॅशनल गार्डचे जवान नाक्यांवर उभे राहिले. पण राखणीसाठी मागे थांबू नका, आणि एकदा निघाल्यावर रात्री गुपचूप परतही जाऊ नका. बंद केलेल्या भागात शिरणं हा कायद्याने गुन्हा आहे, आणि अटकेबद्दलचा प्रश्न व्हिसाच्या अर्जात असतोच. सोन्याचा निर्णय आगीच्या दिवशी नाही, आज घ्या. रोजचं एखादं गळ्यात, बाकीचं बँकेच्या लॉकरमध्ये. लॉकरमधल्या वस्तूंना एफडीआयसीचं (बँकेतल्या ठेवींचा सरकारी विमा) संरक्षण नसतं, आणि घराच्या साध्या विमा पॉलिसीत दागिन्यांच्या चोरीची भरपाई फार थोडी मिळते, तेव्हा त्यांचा वेगळा विमा काढा. भाडेकरूंनी रेंटर्स इन्शुरन्स, म्हणजे भाडेकरूच्या सामानाचा विमा, घ्यायलाच हवा. बाहेर राहावं लागलं तर हॉटेलचा खर्च सहसा त्यातून निघतो. मोबाइलवर सगळ्या खोल्यांचा, कपाटं उघडून, व्हिडिओ काढून ठेवा.

परत जायची परवानगी मिळाली की नाक्यावर पत्त्याचा पुरावा मागू शकतात. नव्याने आलेल्यांच्या लायसन्सवर अनेकदा जुना पत्ता असतो, म्हणून भाडेकराराची प्रत फोनमध्ये हवी. आणीबाणी जाहीर झाल्यावर कॅलिफोर्नियात भाडं किंवा हॉटेलचे दर साधारण १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाहीत. कोणी जास्त मागितलं तर लेखी मागा आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे तक्रार करा.