बोगद्यात रोबोट सोडताय? या चुका टाळा

जमिनीखाली वाट चुकलेला रोबोट थांबत नाही. तो चालत राहतो, नकाशाही काढत राहतो. फक्त नकाशा चुकीचा असतो.

चुकीची सुरुवात बहुतेक वेळा तोंडापाशीच होते. आत जीपीएस मिळत नाही, म्हणून बाहेरच्या खुणा धरून रोबोटची जागा आणि दिशा आधी जुळवून घ्यावी लागते. घाईत एक अंश चुकला, तर 300 मीटर आत गेल्यावर नकाशावरची जागा पाच मीटरहून जास्त बाजूला सरकते. अमेरिकेच्या संरक्षण खात्यातल्या डार्पा या संशोधन संस्थेच्या सबटेरेनियन चॅलेंजमध्ये, म्हणजे जमिनीखाली वस्तू शोधणाऱ्या रोबोटांच्या स्पर्धेत, सापडलेल्या वस्तूची जागा 5 मीटरच्या आत सांगितली तरच गुण मिळत. बॅकपॅक दिसली, ओळखली, तरी हाती भोपळा! दिशा जुळवायला आणखी दहा मिनिटं गेली तर जाऊ द्या.

पुढची फसगत लांब, सरळ बोगद्यात. भिंती सपाट असल्या की दहा मीटर पुढे जाऊनही लायडारला (लेझरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरला) सगळं तसंच दिसतं आणि सॉफ्टवेअरला वाटतं, आपण जागेवरच आहोत. मग नकाशात बोगदा आखूड येतो. उलट तो लांब आला, तर संशय चाकांवर घ्या. चिखलात चाक जागच्या जागी फिरतं आणि अंतर मात्र वाढत जातं. म्हणून लायडार, आयएमयू (वेगातला बदल आणि वळणं मोजणारा सेन्सर), चाकं आणि कॅमेरा यांची सांगड हवी. (कॅमेऱ्यासाठी दिवा लागतो, हे विसरणारेही भेटतात.)

मोकळ्या वाटेत रोबोट अडून बसला तर आधी धूळ बघा. लायडार तिलाच भिंत समजतो. ड्रोन तर स्वतःच धूळ उडवतो.

वायफाय वळणापाशी दगा देतं. सिग्नल तुटल्यावर रिले (सिग्नल पुढे पोचवणारं छोटं यंत्र) टाकून उपयोग नाही. दोन्ही बाजू दिसतील असा ऐन कोपऱ्यात टाका. तरीही संपर्क गेला, तर ठरल्या वेळी मागे येऊन माहिती द्यायची, हे रोबोटला आधीच शिकवा. उशीर महागात पडतो: डार्पाच्या त्याच स्पर्धेत, 2021 मध्ये अमेरिकेतल्या लुइव्हिलच्या अंतिम फेरीत, सर्बेरस हा संघ आणि ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेचा संघ यांचे गुण सारखेच होते, 23. शेवटचा गुण आधी मिळवला म्हणून सर्बेरस जिंकला.

सरावानंतर रोबोट निघाल्या जागी आणून ठेवा आणि नकाशावर तो किती दूर दिसतो ते मोजा. मात्र तेव्हा लूप क्लोजर (आधी पाहिलेली जागा ओळखून नकाशा दुरुस्त करणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर चूक झाकली जाते.