विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांचं समाधान मोजताना

परीक्षा-निकालाच्या धामधुमीत प्रश्नावली वाटू नका. तेव्हा माणूस नोकरीबद्दल नाही, त्या आठवड्याच्या थकव्याबद्दल लिहितो. २० प्रश्न, प्रत्येकाला ५ पर्याय, एवढं पुरे. पगार-सोयीसुविधांचे प्रश्न वेगळे आणि प्रत्यक्ष कामाचे वेगळे ठेवा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये हाच फरक मांडला: पगाराची तक्रार मिटली की नाराजी घटते, पण कामाचा हुरूप त्यातून येतोच असं नाही.

खरी चूक होते ती गोपनीयतेत. नाव विचारलं नाही, पण विभाग, पद आणि सेवेची वर्षं विचारली, की आवक-जावकच्या टेबलावरचा एकुलता लिपिक लगेच ओळखू येतो. मग तो सरसकट ‘समाधानी’वर खूण करून मोकळा होतो. म्हणून ५ पेक्षा कमी माणसांचे विभाग एकत्र करा आणि कागद साहेबांच्या हातात नव्हे, कुलूपबंद पेटीत घ्या.