सुट्टीचा वार बदलला आणि सणाचा पगार बुडाला? पुण्यातल्या कामगारांनी या चुका टाळा

"मामा, या गुरुवारी या. माल जायचाय. बदली सुट्टी नंतर घ्या."

भोसरीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला मी नऊ वर्षं हजेरी लिहिली. हे वाक्य तिथे दर महिन्याला कानावर पडायचं. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना रविवारऐवजी गुरुवारी सुट्टी असते. विजेच्या नियोजनापायी पडलेली ही जुनी पद्धत आहे. तर त्या गुरुवारी मामा आले, आठ तास मशीनवर उभे राहिले आणि घरी गेले. पंचिंग मशीन त्या दिवशी बंदच होतं. 'मस्टरवर डब्ल्यूओच (वीकली ऑफ, म्हणजे साप्ताहिक सुट्टी) राहू दे,' असं मला साहेबांनी सांगितलं आणि मी तो राहू दिला. सहा महिन्यांनी भाचीच्या लग्नासाठी मामांनी बदली सुट्टी मागितली. तेव्हा मस्टरप्रमाणे ते त्या गुरुवारी कामावर आलेच नव्हते. लग्नाला गेले, तर खाडा पडला आणि पगार कापला गेला. तो कापल्याची नोंदही माझ्याच हातची होती. त्याची लाज मला अजून वाटते, म्हणून हे लिहितोय.

मस्टरच्या त्या बाजूला बसून एक गोष्ट कळली. सुट्टीचे पैसे बुडतात ते बहुतेक वेळा बदल तोंडी झाला म्हणून. कायद्यात तरतूद असते, पण तुमच्या हातात कागद नसतो.

तोंडी बदल मान्य करून मोकळं होणं

सुट्टीच्या दिवशी बोलावलं की लगेच नाही म्हणणं सगळ्यांना जमत नाही, मला ठाऊक आहे. हप्ते असतात, कंत्राट दर सहा महिन्यांनी नव्याने होत असतं. नाही म्हणू नका हवं तर, पण लिहा. सुपरवायझरला किंवा एचआरला त्याच दिवशी व्हॉट्सॅपवर एवढंच पाठवा: "आपण सांगितल्याप्रमाणे गुरुवार दि. अमुक रोजी साप्ताहिक सुट्टी असूनही कामावर येत आहे. बदली सुट्टी कोणत्या तारखेला मिळेल ते कृपया कळवावे." यात भांडण नाही, तक्रार नाही. उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं तरी निळ्या खुणा दिसलेला तो निरोप आणि त्यावरची तारीख तुमच्याजवळ राहते. निरोप कामाच्या आधी गेलेला असावा. चार महिन्यांनी पाठवलेल्या निरोपाला फारसं वजन राहत नाही.

सोबत घरच्या कॅलेंडरवर रोजची येण्याजाण्याची वेळ लिहून ठेवा. आमच्याकडे एक ताई दुधाचा हिशेब लिहायच्या, त्याच चौकोनात शिफ्टही लिहायच्या. पुढे ओव्हरटाइमचा घोळ झाला तेव्हा एचआरने त्यांचंच कॅलेंडर समोर ठेवून तीन महिन्यांचा हिशेब दुरुस्त केला.

आपल्याला कुठला कायदा लागतो हे न बघणं

लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानातला सेल्समन आणि चाकणच्या प्रेस शॉपमधला ऑपरेटर यांचे नियम एक नाहीत. दुकानं, हॉटेलं, कार्यालयं, हिंजवडीच्या आयटी कंपन्या यांना महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 लागतो. कारखान्यांवर वर्षानुवर्षं 1948 चा कारखाना अधिनियम होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि तो कायदा त्यांत सामावला गेला.

दुकान अधिनियमाच्या बाबतीत माणसं मोजा. मुळात तो 10 किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागत होता. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही संख्या 20 वर नेण्याला मंजुरी दिली. छोट्या दुकानात असाल तर पुढचं पाऊल टाकण्याआधी हे कामगार कार्यालयात विचारून घ्या.

आणि हुद्द्याला भुलू नका. व्हिजिटिंग कार्डावर 'एक्झिक्युटिव्ह' छापलं म्हणून कामगाराचे हक्क जात नाहीत. 2017 च्या कायद्यातून गोपनीय, व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षकीय पदं वगळली आहेत खरी, पण अशा पदांची यादी मालकाने लावायची असते. "तुम्हाला हे लागू नाही" असं कुणी म्हणालं तर ती यादी दाखवायला सांगा.

एका आठवड्याची अदलाबदल आणि कायमचा बदल यांची गल्लत

ही चूक युनियनचे जुने कार्यकर्तेही करतात. एखाद्या आठवड्यापुरती सुट्टी पुढेमागे करणं वेगळं. "पुढच्या महिन्यापासून गुरुवार बंद, प्रत्येकाला रोस्टरप्रमाणे सुट्टी" ही नोटीस वेगळी.

एका आठवड्याच्या अदलाबदलीबद्दल जुना कारखाना अधिनियम फार नेमका होता. बदललेली सुट्टी मूळ दिवसाच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत हवी, त्याची नोटीस निरीक्षकाला जायला हवी, कारखान्यात लावायला हवी, आणि कुणालाही सलग 10 दिवसांपेक्षा जास्त काम द्यायचं नाही. नवीन संहिता म्हणते की कोणत्याही आठवड्यात सहा दिवसांहून अधिक काम नको. दुकान अधिनियमात आठवड्यातून सलग 24 तासांची विश्रांती हवी, आणि ती नाकारली तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी हवी. आमच्या मामांची सुट्टी सहा महिने लोंबकळली होती. कारखान्यातही बदली सुट्टीची मुदत तो महिना आणि पुढचे दोन महिने, एवढीच असते.

कायमच्या बदलाची गोष्ट निराळी. कामाचे तास, पगारी रजा आणि सुट्ट्या, शिफ्टची पद्धत, चालत आलेली सवलत यांत कामगारांच्या तोट्याचा बदल करायचा तर मालकाने आधी 21 दिवसांची नोटीस द्यायची असते. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात ही तरतूद कलम 9 अ मध्ये होती. आता ती औद्योगिक संबंध संहितेच्या कलम 40 मध्ये आहे. सुट्टीचा नुसता वार बदलला तर हे लागतं का, यावर 1972 मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात निकाल झाला. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने आपल्या कोळसा खाणींत रविवारची सुट्टी दुसऱ्या वारी नेली होती. नोटीस आवश्यक होती, असं न्यायालयाने ठरवलं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. रविवार गेला की मुलांची शाळा, बायकोची सुट्टी, गावाकडची भेट, सगळं विस्कटतं. वार बदलणं म्हणजे आयुष्याची घडी बदलणं आहे, हे न्यायालयाने पन्नास वर्षांपूर्वी मान्य केलं.

अपवाद आहेत. करारात आधीच वार बदलण्याची मुभा दिली असेल, तर नोटीस लागत नाही. म्हणून तुमच्या शेवटच्या वेतनकराराची प्रत मिळवून वाचा. आमच्या कारखान्यात ती युनियनच्या कपाटात होती आणि किल्ली एकाच माणसाकडे होती.

नोटीस फलकावर लागली की तिचा फोटो काढा, तारखेसकट. 21 दिवस त्या तारखेपासून मोजायचे. हरकत असेल तर ती त्या 21 दिवसांतच लेखी द्या. गप्प राहून नवीन रोस्टरवर वर्षभर काम केलंत, तर पुढे "सगळ्यांना मान्य होतं" हेच ऐकावं लागतं.

बदली सुट्टी मिळाली म्हणजे हिशेब मिटला असं समजणं

2017 च्या कायद्याने दुकानं आणि कार्यालयांतल्या कामगाराला वर्षाला आठ पगारी सणांच्या सुट्ट्या दिल्या आहेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. या दिवशी कामावर बोलावता येतं, पण त्या दिवसाची दुप्पट मजुरी द्यावी लागते आणि शिवाय दुसऱ्या एखाद्या दिवशी सुट्टीही. दोन्ही. रोजची सरासरी 700 रुपये असेल तर 15 ऑगस्टच्या कामाचे 1,400 रुपये आणि वर एक सुट्टी. "डबल घे नाहीतर बदली घे" असा पर्याय मालक समोर ठेवतात, आणि आपणही खूश होऊन एक उचलतो. या आठ दिवसांसाठी तसा पर्याय कायद्यात नाही.

साप्ताहिक सुट्टीला काम केलंत तर आणखी एक गोष्ट तपासा. त्या आठवड्यात एकूण 48 तासांच्या वर काम झालं असेल, तर वरच्या तासांचा ओव्हरटाइम दुप्पट दराने निघतो.

कारखान्यात सणांच्या सुट्ट्या बहुतेक करारातून येतात. तिथे पुन्हा करारच वाचायचा.

कॅलेंडर न बघता सण ठरवणं

2025 मध्ये 1 मे गुरुवारी आला. 2 ऑक्टोबरही गुरुवारीच, आणि त्याच दिवशी दसरा. ज्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, त्यांच्या तीन सुट्ट्या दोन गुरुवारांत विरघळल्या. लक्ष्मी रोडवर बरीच दुकानं सोमवारी बंद असतात. तिथल्यांसाठी 2026 मध्ये 26 जानेवारी सोमवारी आणि गणेश चतुर्थी, 14 सप्टेंबर, तीही सोमवारी.

अशा वेळी जादा दिवस मिळेल हे गृहीत धरू नका. तो करारात लिहून घ्यावा लागतो. डिसेंबरमध्ये चार सण ठरवायला बसाल तेव्हा पुढच्या वर्षाचं कॅलेंडर समोर ठेवा, साप्ताहिक सुट्टीचा वार लाल पेनाने खुणावा आणि त्यावर न पडणारे सण निवडा. एखादा सोडवत नसेल, म्हणजे पुण्यात अनंत चतुर्दशी कोण सोडणार, तर "साप्ताहिक सुट्टीशी जुळल्यास दुसरा दिवस" हे एक वाक्य यादीखाली लिहून दोघांच्या सह्या घ्या.

सुट्टी सणावर मुद्दाम आणून ठेवली जातेय अशी शंका आली, तर मागच्या दोन-तीन महिन्यांच्या रोस्टरचे फोटो कामाला येतात. एरवी मंगळवारी असणारी सुट्टी नेमकी 15 ऑगस्टच्या आठवड्यातच हलली, हे त्यात दिसतं.

कापताना 26, देताना 30

पेस्लिप बारकाईने बघा, कारण ही गडबड बघितल्याशिवाय कळतच नाही. समजा महिन्याचा पगार 18,200 रुपये. 26 ने भागला तर दिवसाचे 700 येतात, 30 ने भागला तर साधारण 607. खाडा पडला की दिवसाचे 700 कापायचे आणि ओव्हरटाइम काढताना 607 धरायचे, असं मी स्वतः पाहिलं आहे. महिन्याला 20 तास ओव्हरटाइम असेल, तर आठ तासांचा दिवस आणि दुप्पट दर धरून 26 च्या हिशेबाने 3,500 होतात, 30 च्या हिशेबाने 3,033. फरक 467 रुपयांचा, दर महिन्याला. किमान वेतनाचा रोजचा दर महाराष्ट्रात मासिक दराला 26 ने भागूनच काढतात. एचआरला एकच प्रश्न विचारा: कापताना आणि देताना भागाकार कितीने करता? आणि उत्तर ईमेलवर मागा.

सँडविचचंही बघून घ्या. शुक्रवार आणि सोमवारी रजा घेतली की मधला शनिवार-रविवारही रजेत धरतात. कारखान्यातल्या पगारी वार्षिक रजेत मधल्या किंवा टोकाच्या सुट्ट्या मोजायच्या नसतात.

मतदानाच्या दिवशी 'दोन तास जाऊन या'

लोकसभा आणि विधानसभेच्या मतदानाला पगारी सुट्टी हा लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 135 ब नुसार हक्क आहे. रोजंदारीवरच्यालाही आहे, आणि नाव गावच्या यादीत असून पुण्यात काम करणाऱ्यालाही. तुमच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होणार असेल, तेवढ्यालाच अपवाद. 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेच्या मतदानाला अनेकांनी दोन तासांवर समाधान मानलं.

ठेकेदार आणि कंपनी यांच्यात चेंडू होणं

ठेकेदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी ठेकेदाराकडे. ठेकेदाराने मजुरी दिली नाही, तर ती मूळ कंपनीने द्यायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची, अशी कायद्याची रचना आहे. अर्ज दोघांच्याही नावे करा.

उशीर करणं, आणि हात हलवत जाणं

वेतन संहितेनुसार थकलेल्या पैशांचा दावा तीन वर्षांत करता येतो. पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. पण तुम्ही त्या दिवशी कामावर होतात एवढं तुमच्या बाजूने दिसायला हवं. दुकान, कार्यालय आणि मजुरीच्या तक्रारींसाठी शिवाजीनगरचं कामगार आयुक्तालयाचं पुणे कार्यालय. कारखान्यातले तास आणि साप्ताहिक सुट्टी यांसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. संहिता नव्या असल्याने अर्ज नेमका कोणाच्या नावे लिहायचा, ते खिडकीवर आधी विचारा.

नेताना मागच्या सहा महिन्यांच्या पेस्लिपा, बँकेचं पासबुक, नेमणूकपत्र, रोस्टरचे फोटो आणि व्हॉट्सॅप निरोपांच्या छापील प्रती घ्या. एका कागदावर तारीखवार तक्ता करा: कोणत्या दिवशी काम केलं, किती तास, काय मिळालं, काय मिळायला हवं होतं. चार-पाच जण मिळून गेलात तर एकट्यावर रोख राहत नाही. अर्जाच्या दोन प्रती ठेवा. एक त्यांना द्या, आणि दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेऊनच खिडकीवरून हला.