गेस्टाल्ट शिकताय? आधी ती रिकामी खुर्ची बाजूला ठेवा

नवीन समुपदेशकांच्या केसेस ऐकायचं, म्हणजे सुपरव्हिजनचं काम मी गेली अकरा वर्षं करते आहे. गेस्टाल्ट म्हणजे इथे आणि आत्ता काय घडतंय त्याकडे बघणारी मानसोपचाराची एक पद्धत. तिची कार्यशाळा करून आलेल्यांच्या पहिल्या दोन-तीन केसेसमध्ये रिकामी खुर्ची हमखास असते: समोरच्या खुर्चीत मनातला माणूस बसला आहे असं समजून त्याच्याशी बोलायचं, ते तंत्र. क्लायंटला झोप लागते का, औषधं चालू आहेत का, घरी कोण आहे, हे विचारायचं राहिलेलं असतं. खुर्ची मात्र मांडून झालेली असते. त्याच त्या चुका ऐकून आता लिहायला बसले. पहिली चूक मी स्वतः केली आहे आणि ती दुसऱ्या कुणाला तरी भोगावी लागली, म्हणून तिच्यावर जास्त लिहिणार आहे.

ओळख व्हायच्या आत खुर्ची मांडणं

माझ्या प्रॅक्टिसचं चौथं वर्ष. पाच दिवसांची कार्यशाळा करून नुकतीच परतले होते. पन्नाशीच्या एक बाई दुसऱ्या सेशनला आल्या. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) वडील जाऊन आठ महिने झाले होते. शेवटच्या आजारपणात भावाने त्यांना वेळेवर कळवलं नव्हतं आणि वडिलांनीही मुलीला बोलवा म्हणून आग्रह धरला नव्हता. हे सगळं त्या अगदी सपाट आवाजात सांगत होत्या. मी कोपऱ्यातली खुर्ची ओढली, त्यांच्या समोर ठेवली आणि म्हटलं, "समजा, इथे अप्पा बसलेत. बोला त्यांच्याशी."

त्यांनी पदर सारखा केला. पाय खुर्चीखाली ओढून घेतले. म्हणाल्या, "अप्पा, मी बरी आहे. तुम्ही काळजी करू नका."

तिथे थांबायला हवं होतं. पदर सारखा करणं, पाय ओढून घेणं, आवाज बारीक होणं, तीन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर घडल्या होत्या. त्यातल्या एकीवर जरी रेंगाळले असते तरी तासभर पुरलं असतं. पण मला कार्यशाळेत पाहिलेलं हवं होतं. मी म्हटलं, "राग आहे ना? तो सांगा त्यांना. मोठ्याने म्हणा." त्या बिचकल्या. मी पुन्हा म्हटलं. मग त्या ओरडल्या, खूप रडल्या, खुर्चीच्या हातावर हात आपटला. वीस मिनिटं हे चाललं. मला वाटलं, आज काम झालं. घड्याळ पाहिलं तर सहा मिनिटं उरली होती. त्यांना पाणी दिलं, पुढची तारीख दिली. त्या स्कूटर घेऊन घरी गेल्या.

पुढच्या आठवड्यात आल्या नाहीत. तीन आठवड्यांनी मी फोन केला तेव्हा कळलं, की त्या दिवसापासून त्यांना अप्पांच्या फोटोसमोर उभं राहवत नव्हतं. रोज संध्याकाळी त्या तिथे उदबत्ती लावत असत, ती बंद झाली होती. "मी त्यांच्या अंगावर ओरडले, मॅडम," एवढंच म्हणाल्या. अप्पांशी त्यांचा जो काही संबंध उरला होता, त्याचीच मी नासधूस केली होती.

मी माफी मागितली. अडीच महिन्यांनी त्या परत आल्या. त्यानंतरची चार सेशन्स खुर्चीचा विषयसुद्धा निघाला नाही. पाचव्यात त्यांनीच विचारलं, ते अप्पांशी बोलणं पुन्हा करता येईल का. या वेळी मी विचारलं, "खुर्ची कुठे ठेवू?" त्यांनी खिडकीजवळ दाखवली, चांगली सात-आठ फूट लांब. आणि स्वतः सतरंजीवर बसल्या. "अप्पा खुर्चीत असले की आम्ही कधी वर बसलो नाही," म्हणाल्या. पहिल्या वेळी मी त्यांना वडिलांच्या बरोबरीने, डोळ्याला डोळा भिडवून बसवलं होतं. आयुष्यात कधी नव्हत्या अशा जागी. आता बराच वेळ त्या गप्प होत्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मला बोलावलं का नाहीत, अप्पा?" ओरडल्या नाहीत. पण पहिल्या दिवशीच्या सगळ्या आरडाओरड्यात हा प्रश्न आला नव्हता.

ही चूक इतकी पसरण्याचं कारण इतिहासात आहे. खुर्ची मुळात गेस्टाल्टची नाहीच. ती जेकब मोरेनोच्या सायकोड्रामातून, म्हणजे मनातले प्रसंग नाटकासारखे उभे करण्याच्या उपचारपद्धतीतून आली. गेस्टाल्टचा एक जनक फ्रिट्झ पर्ल्स, त्याने ती उचलली आणि १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एसालेन या केंद्रात लोकांनी भरलेल्या खोलीत तिची प्रात्यक्षिकं केली. त्यांची चित्रीकरणं झाली. आज आपण बघतो ती तीच. प्रात्यक्षिकात अर्ध्या तासात काहीतरी दिसावं लागतं. त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये त्याची बायको लॉरा पर्ल्स आठवड्यामागून आठवडा, शांतपणे, श्वास आणि बसण्याची ढब बघत काम करत होती. १९५२ साली न्यूयॉर्कची गेस्टाल्ट संस्था उभी करण्यात तिचा फ्रिट्झइतकाच वाटा होता. पण तिचं काम कॅमेऱ्यात मावणारं नव्हतं, त्यामुळे नवशिक्यांना तिचं नावही माहीत नसतं. मला विचाराल तर फ्रिट्झ बघून शिकू नका. निदान त्याच्यापासून सुरुवात करू नका.

माझी आताची सवय अशी: पहिल्या पाच-सहा सेशन्समध्ये खुर्ची नाही. सायकोसिसचा (भास-भ्रम होण्याचा) इतिहास, ताजा आघात, आत्महत्येचे विचार, बोलता बोलता माणूस हरवल्यासारखा होणं, यातलं काही असेल तर खुर्ची अजिबात नाही, आधी सायकियाट्रिस्टशी बोलणं. आणि मांडायचीच असेल तर कुठे, किती लांब, समोर की तिरकी, हे क्लायंट ठरवणार. गेल्या माणसाला हाक काय मारायची, अहो की अरे, हेही त्याच्याच तोंडून येऊ द्यायचं. "वडिलांशी बोला" म्हटल्यावर काही होत नाही आणि "अप्पा" म्हटल्यावर गळा दाटतो, हे कितीदा तरी पाहिलं आहे.

एक तांत्रिक गोंधळही इथेच सांगते. दुसऱ्या माणसाबद्दल मनात अपुरं राहिलेलं असेल तर रिकामी खुर्ची. स्वतःच्याच दोन आवाजांचं भांडण असेल, एक दटावणारा आणि एक चुकवणारा, तर दोन खुर्च्या आणि क्लायंटची दोन्हींत उठबस. मानसशास्त्रज्ञ लेस्ली ग्रीनबर्ग यांनी पुढे या दोन्हींचा वेगवेगळा अभ्यास केला, तो याचसाठी. सासूवरच्या रागाला दोन खुर्च्या मांडून क्लायंटला सासूच्या खुर्चीत बसवून सासूची बाजू मांडायला लावलेली केस माझ्याकडे आली होती. ती मुलगी सासूची बाजू घरी रोज ऐकत होती.

"का?" विचारणं

"का" विचारलं की कारणं येतात, कारणांमागून लहानपण येतं आणि समोरचा माणूस खोलीतून निघून जातो. "आत्ता काय होतंय?", "कसं होतंय?" एवढ्यावर सहा महिने काढा.

"मी" म्हणायला लावणं

ही माझी दुसरी दुखरी नस. गेस्टाल्टमध्ये माणसाने आपल्या अनुभवाची मालकी घ्यावी यावर भर आहे, ते बरोबरच आहे. पण त्याचे सराव इंग्रजीत तयार झाले आणि आपल्याकडे ते शब्दशः उतरवून आणले जातात. माझ्याकडच्या एका विद्यार्थिनीने निवृत्त शाळामास्तरांना "मला राग येतो" असं न म्हणता "मी स्वतःला राग आणतो" म्हणायला लावलं. मास्तर सज्जन, त्यांनी तीन वेळा म्हटलं. मग म्हणाले, "असं मराठीत कुणी बोलत नाही हो." रागावर चाललेलं सेशन व्याकरणावर संपलं.

आपल्या भाषेत राग येतो, भूक लागते, रडू फुटतं, आठवण होते. भावना माणसाकडे येते, ही मराठीची रीत आहे. त्यात जबाबदारी टाळणं काहीच नाही. "मला राग येतो" हे पूर्ण मालकीचं वाक्य आहे. त्याला हात लावू नका.

टाळाटाळ मराठीत दुसरीकडे लपते आणि तिकडे कान हवा. "आपल्याला काय, सवय झाली आता." इथे मी विचारते, "आपल्याला म्हणजे?" बऱ्याचदा एक क्षण जातो आणि उत्तर येतं, "मला." त्या एका शब्दासरशी चेहरा बदलतो. "माणसाला वाईट वाटणारच ना," यातला माणूस कोण, हे विचारायला हवं. "बोललं गेलं", "राहून गेलं", "तसं झालं खरं" ही वाक्यं कर्त्याला पडद्याआड ठेवतात. "मी बोललो" म्हणून बघा, एवढंच सुचवायचं. नाही म्हटलं तर सोडून द्यायचं, कारण तो नकारसुद्धा आत्ता घडणारीच गोष्ट आहे.

"पण"वरही लक्ष ठेवा. "आईवर माझा जीव आहे, पण तिच्याकडे जावंसं वाटत नाही." "पण" आला की पहिला अर्धा भाग पुसला जातो. "आणि" घालून म्हणायला सांगा. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि माणूस जरा वेळ गप्प होतो. तेवढा वेळ त्याला मिळू द्या, लगेच पुढचा प्रश्न टाकू नका.

आणि "लागतं", "पाहिजे", "नये". पर्ल्स दांपत्य दक्षिण आफ्रिकेत असताना १९४२ साली फ्रिट्झचं पहिलं पुस्तक आलं. त्यात खाणं आणि मन यांची जोड आहे: लहानपणी जे न चावता गिळलं ते पोटात तसंच दगडासारखं राहतं. तान्ह्या मुलाचं खाणं बघून सुचलेल्या या विचारात लॉराचाही हात होता. आपल्याकडे असे घास ढिगाने सापडतात. "मुलीच्या जातीने मोठ्याने हसू नये." "मोठ्या भावाने रडायचं नसतं." नवशिका समुपदेशक अशा वाक्याशी वाद घालतो, ते कसं चूक आहे ते पटवतो, म्हणजे आणखी एक घास कोंबतो. त्यापेक्षा तेच वाक्य सावकाश पुन्हा म्हणायला सांगा आणि विचारा, हा आवाज कुणाचा? मोठ्या भावाच्या त्या वाक्याला एकाने क्षणात उत्तर दिलं होतं, "आत्याचा. बाबा गेले त्या दिवशीचा." चावणं तिथे सुरू झालं, आणि ते त्याने स्वतः केलं.

शरीराचा अर्थ लावणं

"हाताची घडी घातलीत, म्हणजे तुम्ही मोकळे होत नाही आहात." माझ्या एका विद्यार्थ्याने हे ज्या बाईंना ऐकवलं, त्यांना थंडी वाजत होती. दिसलं ते सांगा, अर्थ त्यांचा त्यांना लावू द्या. "बोलताना तुमची मूठ मांडीवर आवळली जाते आहे," बस. ती मूठ दुसऱ्यावर उगारायची होती आणि स्वतःकडे वळली, हे पुस्तकातलं ज्ञान तोंडावर मारू नका. "मूठ आणखी थोडी आवळून बघता का?" असं विचारलं तर पुष्कळदा मूठच सांगते.

फ्रिट्झ पर्ल्सच्या सेशनच्या, १९६५ साली आलेल्या प्रसिद्ध फिल्ममध्ये समोरची स्त्री भीती वाटते म्हणते आणि हसते, आणि तो ते हसू पकडतो. ती नजर शिका. पुढे तो तिला ज्या सुरात खोटी ठरवतो, तो सूर उचलू नका. तेवढाच उचललेले पुष्कळ भेटले.

भूतकाळाला बंदी

"इथे आणि आत्ता" म्हणजे जुनं काढायचं नाही, असं नाही. जुनं सांगताना आत्ता आवाज कुठे कापतो ते बघायचं.

गेस्टाल्ट प्रार्थना भिंतीवर लावणं

ही प्रार्थना म्हणजे फ्रिट्झने लिहिलेल्या काही ओळी. त्यांचा "मी माझ्या वाटेने, तू तुझ्या" एवढाच अर्थ घेऊन नाती तोडायचं समर्थन केलं जातं. ही थेरपी संपर्काची आहे. भिंत मोकळी ठेवा.

बदलाची घाई

वरच्या बहुतेक चुका इथून निघतात. क्लायंटला बदल हवा असतो, फी देणाऱ्या नवऱ्याला तर लगेच हवा असतो, आणि आपल्याला आपण उपयोगी आहोत हे बघायचं असतं. अर्नोल्ड बेसर नावाचा अमेरिकन सायकियाट्रिस्ट होता. उत्तम टेनिस खेळायचा. ऐन पंचविशीत पोलिओ झाला आणि मानेखालचं शरीर जवळजवळ लुळं पडलं. पर्ल्सकडून शिकलेल्या या माणसाने १९७० साली एक छोटासा लेख लिहिला. त्याचा गाभा असा: जे आपण नाही ते होण्याच्या खटपटीने बदल होत नाही, जे आहोत ते पुरतं झालं की होतो. गेस्टाल्टवरचं दुसरं काही वाचलं नाहीत तरी चालेल, तो लेख वाचा. ज्याला चालता येणार नव्हतं त्याने हे लिहिलं आहे, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवते.

जी मुलं "मॅडम, शॉर्टमध्ये टेक्निक सांगा" म्हणतात, त्यांना मी एक काम देते. पुढच्या सेशनमध्ये एकही तंत्र वापरायचं नाही. फक्त समोरच्यात आणि स्वतःत काय बदलतंय ते टिपायचं: श्वास, आवाज, आपल्याला आलेला कंटाळा. बरेचजण हे एका आठवड्यातच सोडतात. जे टिकतात त्यांना खुर्ची शिकवायला मला आनंद वाटतो.

शेवटची दहा मिनिटं न राखणं

आता माझं घड्याळ क्लायंटच्या डोक्यामागे, मला सहज दिसेल असं आहे. दहा मिनिटं उरली की कितीही महत्त्वाचं काही चाललं असो, मी थांबवते. खुर्ची मांडली असेल तर त्या माणसाचा निरोप घ्यायला लावते, मग खुर्ची उचलून परत कोपऱ्यात ठेवते. क्लायंटसमोरच. पाय जमिनीला टेकलेत का, खोलीत काय काय दिसतंय, पाणी हवं का, हे विचारते. आणि मग, "घरी कशा जाणार? गाडी आणलीय?" गाडी असेल तर खाली बाकावर पाच मिनिटं बसायचं आणि मगच किल्ली लावायची. जिन्यातल्या खिडकीतून तो बाक दिसतो. मी बघते.