एसीत गॅस भरण्याआधी ही पाटी वाचा

ओझोन थर वाचवण्यासाठी देशांनी केलेल्या मॉन्ट्रियल करारामुळे आर-२२ हा जुन्या एसीतला गॅस बाजारातून हळूहळू हद्दपार होतोय, आणि ते कळतं ऐन उन्हाळ्यात मेकॅनिक दारात आल्यावर.

आत्ताच बाहेरच्या युनिटवरची पाटी शोधा. बारीक अक्षरांत गॅसचं नाव आणि वजन असतं: आर-२२, आर-४१०ए किंवा आर-३२. फोटो काढून मेकॅनिकला आधीच पाठवा. आर-२२ असेल तर आधी गळती बुजवून घ्या, मगच गॅस भरा. गॅस वापरून संपत नाही. दरवर्षी भरावा लागत असेल तर गळती नक्कीच आहे. कॉइलच, म्हणजे गॅस फिरतो ती नळ्यांची जाळीच, सडली असेल तर मी तरी तो पैसा नव्या एसीत घालेन.

आर-२२च्या मशीनमध्ये आर-३२ मात्र कधीच भरू देऊ नका. त्याचा दाब बराच जास्त असतो, शिवाय तो पेटूही शकतो.